घरातील दृकश्राव्य संग्रह : साठवण उपकरणांची निवड आणि राखीव प्रती

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरीकाठचे शहर मंदिरांसाठी आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने या शहराची आणखी एक ओळख आहे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावर येथे मराठी सत्तेची स्थापना केली आणि ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. या काळात कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज कुंभकोणम, तंजावर, चेन्नई तसेच परदेशातही राहतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे अशाच एका कुटुंबात झाला होता.

या कुटुंबांची तंजावरी मराठी ही प्रामुख्याने घरात बोलली जाणारी भाषा आहे. जुन्या मराठीतील अनेक रूपे आणि तमिळमधील शब्द यांच्या मिश्रणातून ती घडली असून, तिचे लेखन फारच अल्प प्रमाणात होते. त्यामुळे आजीने सांगितलेली गोष्ट, लग्नातील ओव्या, भजनातील अभंग किंवा मराठी कीर्तनपरंपरेच्या प्रभावातून तंजावर परिसरात विकसित झालेली हरिकथा यांचे घरगुती ध्वनिमुद्रण हाच अनेकदा त्या बोलीचा एकमेव पुरावा असतो. असे ध्वनिमुद्रण जुन्या ध्वनिफितींवर असेल, तर दमट हवामानात त्यावर बुरशी चढते. त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. ध्वनिफितीवरील आवाज संगणकावर उतरविल्यानंतर ती संगणकीय प्रत हीच मूळ प्रत ठरते. तीही नष्ट झाल्यास काय, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो.

हा प्रश्न केवळ एका समाजापुरता मर्यादित नाही. छायाचित्रे, चित्रफिती, गाणी आणि चित्रपट एकाच ठिकाणी साठवून ते घरातील दूरचित्रवाणी संच, संगणक व भ्रमणध्वनीवर पाहता यावेत, यासाठी देशभरातील अनेक घरांत आज लहान सर्व्हर उभारले जात आहेत. अशा सर्व्हरसाठी साठवण उपकरणे निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबींचा हा आढावा आहे.

आधी संग्रहाची विभागणी

खरेदीपूर्वी संग्रहाचे दोन भाग करणे आवश्यक आहे. पहिला भाग पुन्हा मिळू न शकणाऱ्या साहित्याचा, म्हणजेच घरगुती ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रांच्या प्रतिमांचा. दुसरा भाग चित्रपट, मालिका व विकत घेतलेल्या संगीताचा. हे साहित्य नष्ट झाले तर गैरसोय होते. मात्र ते पुन्हा मिळविता येते.

पहिला भाग आकाराने अपेक्षेपेक्षा बराच लहान असतो. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने केलेल्या एक तासाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला सुमारे २ गिगाबाईट जागा लागते. मिनी-डीव्ही प्रकारच्या फितीवरील एक तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाईट, तर ६०० डीपीआय दर्जाने रंगीत स्कॅन केलेल्या ए-फोर आकाराच्या पानाला सुमारे १०० मेगाबाईट जागा लागते. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाकडे २०० तासांच्या ध्वनिफिती, ४० तासांचे मिनी-डीव्ही चित्रण आणि १,००० पाने किंवा छायाचित्रे असल्यास हे सर्व साहित्य सुमारे १ टेराबाईटमध्ये मावते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे व चित्रणे यांच्यासाठी आणखी एक टेराबाईट धरला, तरी ४ टेराबाईटची एक हार्ड डिस्क कित्येक वर्षे पुरेल.

उत्पादक कंपन्या एक टेराबाईट म्हणजे एक लाख कोटी बाईट असे मोजतात, तर काही संगणक प्रणाली १,०२४ च्या पटीत मोजणी करतात. त्यामुळे ४ टेराबाईटची नवी डिस्क संगणकावर सुमारे ३.६४ टेराबाईट दाखविते. हा डिस्कमधील दोष नव्हे.

हार्ड डिस्क की एसएसडी

एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसतात. ती वेगवान, शांत आणि धक्के सहन करणारी असते. मात्र प्रत्येक टेराबाईटमागे तिची किंमत हार्ड डिस्कपेक्षा बरीच अधिक असते. घरगुती सर्व्हरला तिच्या वेगाचा फारसा लाभही होत नाही. फोर-के ब्लू-रे तबकडीवरील चित्रपटाचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाईट असतो. आजची साधारण हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १५० मेगाबाईटहून अधिक वेग गाठू शकते. चित्रपट अडखळत असेल तर त्याचे कारण बहुधा घरातील वायफाय जोडणी किंवा दूरचित्रवाणी संचाची क्षमता हे असते.

दीर्घकाळ कपाटात ठेवावयाच्या प्रतीसाठीही एसएसडी योग्य नाही. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठविलेली असते आणि वीजपुरवठ्याविना हा भार हळूहळू कमी होतो. घरगुती वापराच्या एसएसडीची लेखनक्षमता पूर्ण वापरली गेल्यानंतर तिने ३० अंश सेल्सिअस तापमानात, वीजपुरवठ्याविना एक वर्ष माहिती टिकवावी, अशी उद्योगमानकाची अपेक्षा आहे. तापमान वाढल्यास हा काळ कमी होतो. कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळा लक्षात घेता ही बाब महत्त्वाची ठरते. म्हणून सर्व्हरची कार्यप्रणाली लहान एसएसडीवर आणि संग्रह हार्ड डिस्कवर, ही विभागणी सामान्यतः सोयीची असते.

लिहिण्यायोग्य ब्लू-रे तबकड्यांचा पर्याय आता अरुंद होत चालला आहे. सोनी कंपनीने या तबकड्यांचे तसेच मिनी-डीव्ही फितींचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. ज्यांच्याकडे अजूनही मिनी-डीव्ही फिती आहेत, त्यांनी त्यावरील चित्रण उतरवून घेण्यास विलंब करू नये.

कोणती हार्ड डिस्क घ्यावी

हार्ड डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. सीएमआर पद्धतीत चुंबकीय पट्टे एकमेकांशेजारी असतात, तर एसएमआर पद्धतीत ते छपरावरील कौलांप्रमाणे अंशतः एकमेकांवर येतात. दुसऱ्या पद्धतीत कमी जागेत अधिक माहिती मावते. परंतु एका पट्ट्यात बदल करताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. परिणामी सलग मोठे लेखन करताना वेग कमालीचा घसरतो. एकाहून अधिक डिस्क एकत्र चालविणाऱ्या सर्व्हरमध्ये बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसविल्यावर हा दोष विशेष जाणवतो.

२०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाईटच्या काही डिस्कमध्ये एसएमआर पद्धत वापरली असल्याचे उघड झाल्यानंतर ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे स्वतंत्र नाव वापरण्यास सुरुवात केली. त्यामुळे केवळ मालिकेच्या नावावर विसंबून न राहता, मॉडेल क्रमांकानुसार उत्पादकाच्या माहितीपत्रकात सीएमआर असा उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी. वर्षातून काही वेळा प्रत घेण्यापुरत्या वापरल्या जाणाऱ्या बाह्य डिस्कसाठी मात्र एसएमआर पद्धत चालू शकते.

सर्व्हरसाठी बनविलेल्या डिस्क अहोरात्र चालविण्यासाठी व शेजारच्या डिस्कची कंपने सहन करण्यासाठी तयार केलेल्या असतात. त्यांना सामान्यतः तीन वर्षांची, तर वरच्या श्रेणीतील डिस्कना पाच वर्षांची हमी मिळते. हमी म्हणजे नवी डिस्क मिळण्याचे आश्वासन होय. जुन्या डिस्कवरील माहिती परत मिळण्याची त्यात तरतूद नसते.

खरेदी करताना अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासून हमी भारतात लागू आहे किंवा नाही, हे पाहावे. २०२५ च्या सुरुवातीला युरोपमध्ये वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे प्रकार उघडकीस आले होते. डिस्क हाती येताच तिच्या स्मार्ट या अंतर्गत नोंदीतील चालू तासांचा आकडा पाहावा आणि माहिती भरण्यापूर्वी संपूर्ण पृष्ठभागाची चाचणी घ्यावी. या चाचणीस अनेक तास लागतात. तथापि ती टाळू नये.

तयार पेटी की जुना संगणक

दोन डिस्क मावणारी नॅस पेटी ही आकाराने लहान असते, वीज कमी वापरते आणि संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्यांनाही हाताळता येते. घरातील जुना संगणक वापरल्यास खर्च वाचतो आणि अधिक डिस्क बसविता येतात. मात्र त्याचा वीजवापर व देखभाल यांचा भार वाढतो. सरासरी २० वॅट वीज घेणारी पेटी महिनाभर अखंड चालविल्यास सुमारे १४ युनिट वीज लागते. ६० वॅट घेणाऱ्या जुन्या संगणकाला त्याच्या तिप्पट वीज लागेल.

पेटी निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारावा : पेटीच बिघडली, तर त्यातील डिस्क अन्यत्र वाचता येतील काय? अनेक पेट्यांतील डिस्क काढून नेहमीच्या विंडोज संगणकाला जोडल्यास त्या थेट उघडत नाहीत. याच कारणामुळे किमान एक राखीव प्रत साध्या बाह्य डिस्कवर, कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात असणे हिताचे ठरते.

रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे

एकाहून अधिक डिस्क एकत्र जोडण्याच्या रेड या पद्धतीची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली होती. तिच्या रेड-१ या प्रकारात दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. एक डिस्क बंद पडली तरी सर्व्हर चालू राहतो आणि नवी डिस्क बसविल्यावर माहिती तिच्यावर उतरविली जाते. सेकंदाला सरासरी १५० मेगाबाईट वेग धरल्यास ८ टेराबाईटच्या डिस्कसाठी या कामास सुमारे १५ तास लागतात.

ही सोय उपयुक्त असली, तरी ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी नाहीशी होते. चोरी, आग किंवा पुरात दोन्ही डिस्क एकदमच जातात. घातक संगणकीय कार्यक्रमांनी फायली कुलूपबंद केल्या, तर त्या दोन्ही डिस्कवर कुलूपबंद होतात. २०२१ साली क्यूलॉकर आणि २०२२ साली डेडबोल्ट या खंडणीखोर कार्यक्रमांनी इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्यांना लक्ष्य केले होते. तेव्हा पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये आणि एक प्रत नेहमी तारेपासून वेगळी असावी.

मोठ्या संख्येने हार्ड डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, दरवर्षी सुमारे दीड टक्का डिस्क निकामी होतात. हे प्रमाण अल्प वाटले, तरी आपली डिस्क त्यात नसेल याची कोणतीही शाश्वती नाही. डिस्क हा झिजणारा भाग असून पाच-सहा वर्षांनी ती बदलावी लागेल, असे गृहीत धरूनच खर्चाची आखणी करावी.

तीन प्रती, दोन ठिकाणे

राखीव प्रतींबाबत ३-२-१ हा नियम सर्वत्र मान्य आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ साली प्रकाशित झालेल्या आपल्या पुस्तकातून तो रूढ केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी, असे हा नियम सांगतो.

या नियमामागील तत्त्व कुंभकोणमला नवीन नाही. तमिळ विद्वान उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० साली येथील शासकीय महाविद्यालयात तमिळचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९०३ पर्यंत त्यांनी येथे अध्यापन केले. याच काळात त्यांनी गावोगावच्या घरांतून व मठांतून ताडपत्रांवरील पोथ्या गोळा केल्या, त्यांतील पाठ परस्परांशी ताडून पाहिले आणि १८८७ साली जीवक चिंतामणी, १८९२ साली शिलप्पदिकारम, १८९४ साली पुरनानूरु हे प्राचीन ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. एका पोथीतील वाळवीने खाल्लेला भाग दुसऱ्या घरातील पोथीत शिल्लक असे, म्हणूनच हे काम शक्य झाले. तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या मराठी हस्तलिखितांचे आणि मोडी कागदपत्रांचे महत्त्वही हेच सांगते. सरफोजी राजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरण्यात आला. माहिती अनेक ठिकाणी आणि वेगवेगळ्या माध्यमांवर असल्यास ती टिकण्याची शक्यता वाढते.

आजच्या घरासाठी याचा अर्थ असा : पहिली प्रत सर्व्हरवर, दुसरी घरातच परंतु एरवी सुटी ठेवलेल्या बाह्य डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवण सेवेत असावी. दुसरे गाव निवडतानाही विचार करावा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आलेल्या गाजा चक्रीवादळाने तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिनम या जिल्ह्यांत मोठी हानी केली. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा संकटात कुंभकोणममधील घराची दुसरी प्रत ४० किलोमीटरवरील तंजावरला असणे पुरेसे ठरणार नाही. चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. मात्र डिसेंबर २०१५ मधील पुरात त्या शहरातील असंख्य घरांचे तळमजले पाण्याखाली गेले होते. तेथे प्रत ठेवावयाची असल्यास ती वरच्या मजल्यावरील घरात ठेवावी.

इंटरनेटवरील सेवा निवडल्यास वेळेचा हिशेब आधी करावा. सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने ४ टेराबाईट माहिती पाठविण्यास सात दिवसांहून अधिक काळ लागतो, तोही जोडणी अखंड पूर्ण वेगाने चालल्यास. म्हणून या सेवेत केवळ पुन्हा न मिळणारे साहित्य ठेवावे. पहिली मोठी प्रत डिस्कवर घेऊन प्रवासात सोबत नेणे हाच अनेकदा जलद मार्ग असतो.

घराबाहेरील प्रत सांकेतिक कुलपाने सुरक्षित केल्यास तिचा परवलीचा शब्द कुटुंबातील किमान दोन व्यक्तींकडे कागदावर लिहिलेला असावा. तो जाणणारी एकमेव व्यक्ती नसेल, तर सुस्थितीतील डिस्कही निरुपयोगी ठरते.

वीज, उष्णता आणि ओलावा

लेखन चालू असताना वीज गेल्यास फायलींची रचना बिघडू शकते. त्यामुळे सर्व्हरला यूपीएस जोडणे आवश्यक आहे. यूपीएस आणि पेटी यांच्यात यूएसबी जोडणी असल्यास वीज गेल्यावर पेटी स्वतःहून व्यवस्थित बंद होते. घरातील इन्व्हर्टर हा या सोयीला पर्याय नाही. कारण वीज बदलताना काही इन्व्हर्टरमध्ये होणारा क्षणिक खंडही पेटी बंद पाडण्यास पुरेसा असतो.

पेटी बंद कपाटात, खिडकीच्या उन्हात किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवू नये. तिच्या मागे हवा खेळण्यास जागा असावी आणि पंख्यावरील धूळ नियमित काढावी. घरात पाणी शिरण्याचा संभव असल्यास ती जमिनीपासून उंचावर ठेवावी. सुट्या डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच सुरू न करता तिचे तापमान खोलीइतके होऊ द्यावे.

नोंद आणि तपासणी

प्रत अस्तित्वात असणे आणि ती सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बालपण व शिक्षणाची वर्षे कुंभकोणममध्ये व्यतीत केलेले गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या अखेरच्या काळातील वहीची पाने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात सुरक्षित होती. परंतु अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांच्या दृष्टीस ती १९७६ साली पडली, तोपर्यंत रामानुजन यांच्या निधनाला ५६ वर्षे झाली होती. घरगुती संग्रहातही फाईलच्या नावात वर्ष, व्यक्ती आणि प्रसंग यांचा उल्लेख असावा. ध्वनिमुद्रणात कोण बोलत आहे, कोणते गाव आहे, कोणता अभंग आहे, याची नोंद वडीलधारी मंडळी हयात असतानाच करून घ्यावी. ही माहिती कोणतेही उपकरण नंतर पुरवू शकत नाही.

फायली कालांतराने नकळत बिघडू शकतात. झेडएफएस आणि बीटीआरएफएस यांसारख्या फाईल प्रणाली प्रत्येक भागाची पडताळणी-संख्या साठवितात आणि बिघाड लक्षात आणून देतात. अशी प्रणाली नसल्यास स्वतंत्र आज्ञावलीने पडताळणी-संख्यांची यादी करून ठेवता येते. दर तीन महिन्यांनी सुटी डिस्क जोडून नवी भर उतरवावी आणि वर्षातून एकदा तिन्ही प्रतींमधील काही फायली प्रत्यक्ष उघडून, ऐकून व पाहून खात्री करावी. कधीही न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

खर्चाचा क्रम

मर्यादित रक्कम उपलब्ध असल्यास प्रथम दोन साध्या बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात आणि पुन्हा न मिळणारे साहित्य दोन्हींवर उतरवून त्यांपैकी एक दुसऱ्या गावी पाठवावी. त्यानंतर एक सीएमआर डिस्क बसविलेली पेटी आणि यूपीएस घ्यावा. पेटीतील दुसरी डिस्क व रेड यांचा क्रम त्यानंतर येतो, तर चित्रपटांसाठी अधिक क्षमतेच्या डिस्कचा विचार सर्वांत शेवटी करावा. दोन डिस्क एकाच वेळी घेताना त्या शक्यतो वेगवेगळ्या उत्पादन तुकड्यांतील असाव्यात, जेणेकरून एकच दोष दोन्हींमध्ये असण्याची शक्यता कमी होईल. ध्वनिफिती उतरवून झाल्यानंतरही त्या लगेच टाकून देऊ नयेत. किमान तिन्ही प्रती तपासून होईपर्यंत त्या कोरड्या जागी जपून ठेवाव्यात.